प्रुएटबाईंनी मागून घेतलेलं घर

लॅव्हिनिया प्रुएट वारल्या. ओहायोतल्या वर्तमानपत्रात आलेलं कात्रण माझ्या थोरल्या मुलीनं पोस्टानं पाठवलं. त्यात लिहिलंय, की सरहद्दीवरचे सगळे हाल त्यांनी हसतमुखानं सोसले, आणि मन इतकं मोठं, की नवऱ्याच्या हुद्द्यानं मिळणारं चांगलं घर त्या नेहमी हाताखालच्या अधिकाऱ्यांच्या बायकांना सोडून द्यायच्या. हसतमुखानं म्हणे! मी त्यांचे कपडे साडेतीन वर्षं धुतले. त्यांना हसताना पाहिलं ते बोटांवर मोजण्याइतकं, त्यातही एकदा मी बर्फावरून घसरून कपड्यांच्या टबात बसले म्हणून. मन मोठं होतं की लहान ते देव जाणे. पण घरं का सोडली ते मला माहीत आहे आणि त्या लिहिणाऱ्याला माहीत नाही, म्हणून मी लिहायला बसले आहे.

मी होनोरा क्रीन. माझा नवरा डेनिस पायदळात कॉर्पोरल होता आणि मी त्याच्याच कंपनीची परटीण. डाकोटात मिसूरी नदीच्या वरच्या अंगाला, फोर्ट हॉलमवर आम्ही होतो. फोर्ट म्हणायचं, पण तटबिट काही नाही. मधे कवायतीचं मैदान, एका बाजूला अधिकाऱ्यांच्या घरांची रांग, समोर शिपायांच्या बराकी, आणि उताराखाली नदीकाठी आमची साबणआळी. जमीन लाकोटांची, म्हणजे तिथल्या मूळच्या लोकांची होती. ती त्यांच्याकडून घ्यायचा हुकूम होता, आणि घेतल्यावर तिच्यावरच्या सात घरांत कुणी राहायचं यावरून आमच्यातच ओढाताण. आमच्यात म्हणजे अधिकाऱ्यांच्यात. आम्हा परटिणींना घरातून उठवलं जायची भीती नव्हती.

कारण लष्कराच्या नियमांच्या पुस्तकात परटीण आहे. कंपनीमागे चार, त्यांना रोजचा शिधा, राहायला खोली, सगळं छापलेलं. डेनिसनं मला ते पान वाचून दाखवलं होतं आणि मी ते आळीतल्या प्रत्येकीला तोंडपाठ म्हणून दाखवलं होतं. माझ्या खोलीतून मला फोर्टचा प्रमुख मेजरसुद्धा हलवू शकत नव्हता. खेचरांना दाणा किती, तेही त्या पुस्तकात आहे. अधिकाऱ्याची बायको मात्र त्यात कुठेच नाही. एक ओळ नाही. ती नवऱ्याच्या सामानात जमा.

घरं हुद्द्यानं मिळायची. नवा अधिकारी आला की त्यानं रांगेतून फिरायचं आणि आपल्यापेक्षा खालच्या कुणाचंही घर पसंत करायचं. हुद्दा सारखा असला तर ज्याची नेमणुकीची सनद जुनी तो वरचा. ज्याचं घर गेलं त्यानं आपल्या खालच्याचं घ्यायचं, त्यानं त्याच्या खालच्याचं. एक कॅप्टन आला की संध्याकाळपर्यंत तीनचार संसार मैदानात. आम्ही बायका हातातलं काम टाकून बघायला जायचो, खोटं कशाला बोलू. आरसे, पलंग, कोंबड्यांची खुराडी, सगळं या घरातून निघून त्या घरात चाललेलं. शिवीगाळ अजिबात नाही. "माफ करा हं," "छे छे, तुमचा हक्कच आहे," असं म्हणत म्हणत एकमेकींचे पडदे उतरवायच्या. आमच्या आळीत असं कुणी कुणाला उठवलं असतं तर कपडे धुवायच्या दांडक्यानं डोकी फुटली असती. ते परवडलं असतं असं मला आता वाटतं.

लॅव्हिनियाबाई खोगीरवाल्याची मुलगी. एकविसाव्या वर्षी लेफ्टनंट होरेस प्रुएटशी लग्न करून पश्चिमेला आल्या आणि आठ वर्षांत पाच वेळा घरातून उठवल्या गेल्या. तिसऱ्या वेळी त्यांचे दिवस भरत आले होते. नेब्रास्कात, मार्च महिन्यात, एक मोठा कॅप्टन आला, खालचं एकही घर उरलं नाही, म्हणून यांना तंबू दिला. तंबूत मुलगी झाली आणि नऊ दिवसांनी गेली. त्या मुलीबद्दल त्या माझ्याशी एकदाच बोलल्या. मी दोरीवरून लाकडासारखे कडक झालेले शर्ट उतरवत होते आणि त्या उगाच शेजारी उभ्या होत्या.

"होनोरा, तंबूच्या कापडाला आतून बर्फ धरतं, माहितीये तुला?" त्या म्हणाल्या. "ती जागी असली की त्याच्याकडेच बघत राहायची. तिला वाटलं असेल हे असंच असतं."

मी म्हटलं, "बाईसाहेब, थंडीत उभ्या राहू नका." दुसरं काही सुचलं नाही.

त्यानंतर चार वर्षं काही नाही. मग अठराशे पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांना पुन्हा दिवस गेल्याचं कळलं. तेव्हापासून त्या बाईनं एकच ध्यास घेतला, की हे मूल भिंतींच्या आत जन्माला यायचं. दुसरं काही मागणं नव्हतं. फोर्टवरची घरं ओल्या लाकडाच्या फळ्यांची. फळ्या वाळल्या की फटी इतक्या, की आत बसून बाहेरची कवायत दिसावी. लॅव्हिनियाबाईंनी जून ते ऑक्टोबर एकेक फट बुजवली. चिखलात घोड्याचे केस कालवून भरले. ते केस तबेल्यातून मीच पोत्यानं आणून दिले. वरून पिठाची खळ लावून जुनी वर्तमानपत्रं डकवली, चार चार थर. मी एकदा म्हटलंसुद्धा, "बाईसाहेब, आता भिंतीतून वारा यायचा तर त्याला परवानगी काढावी लागेल." त्या हसल्या नाहीत. "अजून उत्तरेची बाजू राहिलीये," म्हणाल्या.

नोव्हेंबरच्या मध्यावर, नदी गोठायला लागली असताना, कॅप्टन स्ट्राउड बायको आणि दोन मुलांसह गाड्या घेऊन आला. वाईट माणूस नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो रांगेतून फिरला. प्रत्येक घरात शिरायचा, मधोमध उभा राहायचा आणि हातमोजा काढून तळहात भिंतीशी धरायचा. प्रुएटांच्या घरात मी तेव्हा धुण्याचं गाठोडं बांधत होते. त्यानं भिंतीला हात लावला, मग दुसऱ्या भिंतीला लावला.

"वा!" तो बायकोला म्हणाला. "इथे वारा लागत नाही."

मिसेस स्ट्राउडनी लॅव्हिनियाबाईंच्या पोटाकडे पाहिलं आणि चटकन मान वळवली. "मला अगदी कसंसंच होतंय हो," त्या म्हणाल्या. "पण आमच्या धाकट्याची छाती फार नाजूक आहे."

"तुमचा हक्कच आहे," लॅव्हिनियाबाई म्हणाल्या. सगळ्याजणी हेच म्हणायच्या.

दुपारी लेफ्टनंट प्रुएट मेजरच्या कचेरीतून चिठ्ठी घेऊन घरी आले. मी इस्त्रीचे कपडे द्यायला गेले होते आणि मला कुणी जा म्हटलं नाही. तशीही परटीण असली काय नि खुर्ची असली काय. त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. मोठा चांगला माणूस होता, पण निर्णय घ्यायची वेळ आली की मिशी चघळायचा.

"संध्याकाळच्या हजेरीपर्यंत सांगायचंय," ते म्हणाले. "चोवीस तासांत घर मोकळं. आपल्या खाली घर असलेला एकटा डॅबनी आहे."

"आणि ते नको असेल तर?"

"तर टोकाचं दाणागोदाम."

त्या दाणागोदामाबद्दल सांगते. ओंडक्यांच्या भिंती, मातीचं छप्पर, खाली नुसती जमीन. पाऊस पडला की छपरातून चिखल गळायचा आणि थंडीत तोच चिखल गोठून वरून तुकडे पडायचे. उंदरांना पुष्कळ आवडायचं.

आणि डॅबनी म्हणजे सेकंड लेफ्टनंट. चोवीस वर्षांचा. त्याची बायको एमलीन एकोणीसची, केंटकीची, सहा आठवड्यांची बाळंतीण. मुलीचं नाव ऑगस्टा. तिचे लंगोट मीच धूत होते. हे सगळं त्या खोलीतल्या तिघांनाही माहीत होतं.

"तूच सांग, लिव्ही," लेफ्टनंट म्हणाले. "तू म्हणशील ते मी लिहून देतो."

"म्हणजे मी म्हटलं असं होईल."

"मी तसं म्हणत नाहीये..."

"तुम्ही अगदी तसंच म्हणताय, होरेस."

मग त्या माझ्याकडे वळल्या. अधिकाऱ्याच्या बायकोनं परटिणीला असलं काही विचारायचं म्हणजे केवढी पाळी आली असेल. "होनोरा, तू काय केलं असतंस?"

मला त्यांचं पोट दिसत होतं. आठवा महिना सरत आलेला, पाय सुजलेले. मला त्या तंबूच्या कापडावरचं बर्फ दिसत होतं. एमलीनही मला दिसायला हवी होती, पण ती त्या वेळी समोर नव्हती आणि या होत्या.

"घ्या, बाईसाहेब," मी म्हटलं. "तुमचा हक्क आहे. तुमच्यावर कुणी कधी दया केली होती?"

लेफ्टनंटनी खुर्ची ओढली आणि लिहायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॅबनींचं सामान निघालं. फार नव्हतंच. एक पलंग, दोन पेट्या, एक झुलती खुर्ची. शिपाई वाहत होते आणि एमलीन मुलीला शालीत गुंडाळून दारात उभी होती. लॅव्हिनियाबाई आल्या तशी तिनं झुकून अभिवादन केलं. शिकवलेलं होतं तिला.

"मिसेस प्रुएट, उत्तरेची खिडकी खडखडते," ती म्हणाली. "मी तिथे जुना मोजा कोंबलाय, तो काढू नका. आणि चूल लवकर पेटत नाही, खालची झडप आधी उघडायची. शेगडीवर घेवड्याचं कालवण ठेवलंय. म्हटलं, आज तुम्हाला रांधायला कुठलं जमतंय."

लॅव्हिनियाबाई एवढंच म्हणाल्या, "तुझी फार आभारी आहे."

"छे, तुमचा हक्कच आहे," एमलीन म्हणाली, आणि मुलीचं तोंड झाकून गोदामाकडे चालू लागली. त्या कालवणाचा घास लॅव्हिनियाबाईंनी घेतला नाही. मी ते घरी नेलं आणि माझ्या पोरांनी चाटूनपुसून संपवलं.

गोदामात डॅबनीनं जमेल ते केलं. जमिनीवर गवत पसरलं, त्यावर तंबूचं कापड. भिंतींना घोंगड्या ठोकल्या. छपराखाली चादर ताणली म्हणजे मातीचे तुकडे पाळण्यात पडू नयेत. पण शेकोटीला धड धुराडं नव्हतं. दार लावलं की धूर आणि उघडलं की हिमवारा. नोव्हेंबरच्या शेवटी पारा थर्मामीटरच्या तळाशी जाऊन बसला आणि वर यायचं नाव घेईना. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी लंगोट द्यायला गेले तेव्हा ऑगस्टा रडत नव्हती, नुसती कण्हत होती. तिची छाती भरली होती. मी तशीच धावत डॉक्टर हॅस्किनना बोलावून आणलं. त्यांनी कान लावून ऐकलं, शेकायला सांगितलं, मग खोलीभर नजर फिरवली. कशानं शेकणार होती ती?

नऊ तारखेला सकाळी ती गेली. दहा आठवड्यांची होऊन.

जमीन इतकी गोठली होती की पहार उडून परत यायची. शिपायांनी तिथे लाकडं रचून दीड दिवस जाळ ठेवला, तेव्हा हातभर खड्डा झाला. पेटी डेनिसनं केली, बिस्किटांच्या खोक्याच्या फळ्यांची. अक्षरं आतल्या बाजूला येतील अशी काळजी घेऊन. पुरताना सगळी अधिकाऱ्यांची रांग हजर होती, मिसेस स्ट्राउडसुद्धा, आणि प्रत्येकीनं एमलीनचा हात हातात घेतला. लॅव्हिनियाबाई मागे उभ्या होत्या. त्या पुढे आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या गोदामात गेल्या. मी एमलीनच्या छातीला पट्टा बांधत होते. मूल गेलं तरी दूध काही थांबत नाही. कापराचं तेल चोळून, कापड आवळून ते हळूहळू जिरवावं लागतं. ती पोर दात आवळून बसली होती. लॅव्हिनियाबाई दारातच थांबल्या.

"एमलीन, घर परत घे," त्या म्हणाल्या. "मी होरेसला सांगितलंय. ते मेजरला लिहून देतील. आम्ही इथे येतो."

एमलीननं वर पाहिलं. "आता कशाला?" तिनं विचारलं.

खरंच विचारलं. टोमणा असता तर बरं झालं असतं, टोमण्याला उत्तर देता येतं.

"तुम्ही तिथेच राहा, मिसेस प्रुएट," ती मग म्हणाली. "तुमचं व्हायचंय अजून. मला आता कुठेही चालतं."

मी बाईसाहेबांना धरून घरी नेलं. वाटेत त्या तीनदा थांबल्या. "मी तिला मारलं, होनोरा," म्हणाल्या. मी म्हटलं, "थंडीनं मारलं." त्या म्हणाल्या, "थंडी कुठून तिच्या वाट्याला आली?" सांगायला हवं होतं, की घ्या म्हणणारी मी होते. नाही सांगितलं.

एकोणीस तारखेला त्यांना कळा सुरू झाल्या. लेफ्टनंट प्रुएट गाड्यांच्या सोबतीला खालच्या फोर्टकडे गेले होते, ते जानेवारीशिवाय यायचे नव्हते. दोन दिवस ती बाई झगडली. डॉक्टर हॅस्किन होते, मी होते, आणि भट्टीसारखी तापलेली खोली होती. मुलगा झाला. धडधाकट, लालबुंद, तोंडाचा बोगदा केलेला. मी त्याला कापडात गुंडाळून आईजवळ दिलं, तर त्या त्याच्याकडे न बघता छताकडे बघत होत्या. बर्फ आहे का ते बघत असाव्यात. नव्हतं.

पण त्याच रात्रीपासून त्यांना ताप भरला आणि दूध आलंच नाही. दोन दिवस आम्ही वाट पाहिली. डबाबंद दुधात पाणी घालून चिंधीनं पाजलं, ते त्यानं ओकून टाकलं. तांदळाची पेज दिली, तीही ओकला. फोर्टवर गाय नव्हती, ऑक्टोबरातच मारून खाल्ली होती. आमच्या आळीत त्या हिवाळ्यात एकही अंगावर पाजणारी नव्हती. माझं धाकटं चार वर्षांचं. चौथ्या दिवशी त्याचं रडणं बारीक झालं. पोरानं आरडाओरडा थांबवला की आईला त्याचा अर्थ कळतो, आणि ही आई तर ते एकदा ऐकून चुकली होती.

"होनोरा," त्या म्हणाल्या, "तुला माहितीये कुणाकडे आहे ते."

"माहितीये."

"तिला विचारू नकोस. मला तोंड नाही. तिनं नाही म्हटलं तर बरोबरच आहे, आणि हो म्हटलं तर..." मग एकदम म्हणाल्या, "जा. मी सांगितलं म्हणू नकोस. जा!"

बाहेर बर्फाचं वादळ होतं. घराघरांमधे दोर बांधलेला असायचा, तो धरून मी टोकापर्यंत गेले. एमलीन झुलत्या खुर्चीत बसली होती, हातात काही नाही. मी दारातच सगळं घडाघडा सांगितलं. मी अंगावर बर्फ घेऊन उभी आणि ती माझ्याकडे बघतेय. मला वाटलं, आता ही मला हाकलून देणार. दिलं असतं तर मी तिचे पाय धरायला तयार होते, आणि नाही ऐकलं तर गुपचूप परत जायलाही.

"दूध कमी झालंय," ती शेवटी म्हणाली. "पण पोर ओढेल तर येईल."

तिनं छातीचा पट्टा तिथेच सोडून खुर्चीवर टाकला, नवऱ्याचा ओव्हरकोट चढवला आणि माझ्या आधी दाराबाहेर पडली.

घरात शिरल्यावर तिनं पायातले बूट पुसले, जसे कुणी पाहुणा पुसतो. लॅव्हिनियाबाईंकडे बघितलं नाही. मुलाला उचललं, चुलीशी पाठ करून बसली. पहिल्यांदा त्यानं धरलंच नाही, नुसतं डोकं इकडेतिकडे केलं. मग धरलं. एमलीनच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं ते त्याच्या टाळूवर पडत होतं, आणि पलंगावर तोंडात चादर कोंबून दुसरी रडत होती. मी तिथे उभी राहून माझ्या देवाला शिव्या दिल्या. नंतर पाद्र्यापाशी त्या कबूलही केल्या, पण मनापासून पस्तावले नाही.

आता लहान पोराला दिवसातून दहा वेळा लागतं. एमलीन पहिल्या दिवशी दोर धरून सहा वेळा आली नि गेली. दुसऱ्या दिवशी तिचे पाय गोठले आणि डॉक्टर ओरडले. तिसऱ्या दिवशी डॅबनी आपला पलंग पाठीवर घेऊन आला, कुणाला काही न विचारता तो पुढच्या खोलीत लावला आणि परत जाऊन झुलती खुर्ची आणली. मेजरच्या कचेरीतून चिठ्ठी आली नाही. कुणी वरचं नव्हतं, कुणी खालचं नव्हतं. मागच्या खोलीत लॅव्हिनियाबाई आणि मूल, पुढच्या खोलीत डॅबनी नवराबायको, मधे चूल. जानेवारीत लेफ्टनंट प्रुएट परतले तेही मागच्या खोलीत मावले. चार माणसं, एक मूल, दोन पलंग, आणि तरी चुलीपुढं मला घड्या घालायला टेबलभर जागा उरायची.

मुलगा भरला. गालांना वळ्या पडल्या. लॅव्हिनियाबाईंचा ताप उतरला. दोघीजणी एकमेकींशी जेवढ्यास तेवढं बोलायच्या. लाकडं आहेत का. पीठ मळू का. तो जागा झाला. तेवढंच.

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी मी धुतलेले लंगोट घेऊन गेले. दोन्ही पुरुष कवायतीला गेले होते. एमलीन चुलीपाशी मुलाला पाजत होती आणि लॅव्हिनियाबाई पहिल्यांदाच उठून खुर्चीत बसल्या होत्या, अंगाभोवती रजई. मी घड्या घालायला लागले. त्या खोलीकडे बघत होत्या. आधी पुढच्या पलंगाकडे, मग दारातून मागच्या पलंगाकडे, मग दोन्हींच्या मधल्या जमिनीकडे. शिवण बसेल की नाही ते कापडावर अंदाज घेताना बाई बघते तशा.

"एमलीन," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता. "नोव्हेंबरात..."

एवढंच म्हणाल्या. एमलीननं मुलाला दुसऱ्या बाजूला घेतलं, त्याच्या तोंडाशी नीट केलं, आणि मान वर न करता म्हणाली, "हो. आम्ही सरकून घेतलं असतं. पण तुम्ही विचारलंच नाहीत."

"मला सुचलं नाही गं."

"मलाही नाही सुचलं," एमलीन म्हणाली. "मला कुणी विचारलं असतं तर सुचलं असतं."

लॅव्हिनियाबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मी घड्या घालतच राहिले. मला कुणी विचारलं नव्हतं असं मला म्हणता येत नव्हतं, कारण मला विचारलं होतं.